दमाचं काम, जोराचं काम

प्रिय सई आणि नील,

तुम्ही पाठवलेलं घड्याळ मिळालं. पट्टा थोडा सैल होता, त्याला शेजारच्या सोनाराकडून एक भोक पाडून घेतलं. काल संध्याकाळी ते मनगटावर थरथरलं आणि काचेवर फटाके उडाले. माझी दिवसाची पावलं पुरी झाली होती म्हणे. नीलनं त्यावर फोनवरून बजावलं, "आजी, नुसतं चालून भागत नाही. एरोबिक आणि ॲनेरोबिक दोन्ही करावं लागतं." मला हसू आलं. मला हे दोन्ही शिकवणारी बाई चौथी शिकलेली होती. तिच्याबद्दल तुम्हाला एकदा नीट लिहायचं असं बरेच दिवस मनात होतं. आज हात दुखत नाहीत, तेव्हा लिहून टाकते.

केजच्या पुढे, युसूफ वडगावच्या बाजूला, आमची शाळा होती. बारावीपर्यंतची. मी तिथे इंग्रजी शिकवत असे आणि कौसाबाई शिपाई होत्या. मी रुजू झाले तेव्हा त्या पंचेचाळीसच्या आसपास असाव्यात. नक्की वय त्यांनाही माहीत नव्हतं. उंच, काळ्यासावळ्या, मोठ्या हाडाच्या, आणि चालताना कमरेतून जराशा उजवीकडे कललेल्या. शाळेत लागण्याआधी त्यांनी चौदा हंगाम ऊस तोडला होता. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवरून पडून गेला होता. स्वतःची गर्भाची पिशवी त्यांनी तिशीच्या आतच काढून घेतली होती. पाळीमुळे कामाला खाडा पडू नये म्हणून आमच्या भागातल्या तोडणीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची ती काढलेली असते, आणि एखादा दात काढल्याचं सांगावं तसं त्या ते सांगतात. "तवापासून कंबर माझी न्हाई बाई, दुसऱ्याची आनून लावल्यावानी हाय," एवढंच त्या म्हणत.

त्या खुर्चीवर कधी बसत नसत. भिंतीला पाठ लावून, एक पाय दुमडून तळवा भिंतीला टेकवून उभ्या राहत आणि बशीतून चहा पीत. समोरच्याच्या तोंडाकडे बघण्याआधी पायांकडे बघत. पहिल्या दिवशी माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या होत्या, "बाई, तुमी टाचंवर चालता. शिकल्याल्या लोकांना कुटं जायाची घाई नसती." शरीराबद्दल त्या नेहमी तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं बोलत. अंगाला विचारावं लागतं. अंग आज ऐकायचं नाही म्हणतंय. अंगाला लई बोलू नये, रुसतं.

आणि 'कावून' हा शब्द. म्हणजे का, कशाला. तो त्या इतक्या ठिकाणी आणि इतक्या सुरांत वापरत, की पोरींनी त्यांचं नावच कावूनमावशी ठेवलं होतं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "मैदानावर एवढे दगड कसे?" कौसाबाई झाडू तसाच हातात धरून म्हणाल्या, "कावून? तुमी पळनार हाय का?" हेडसरांनी साहेबांना घाईघाईनं चहाला नेलं.

खेळाच्या शिक्षकांची जागा दोन वर्षं रिकामी होती. हेडसरांनी मैदानाच्या तासाला मुलींना लिंबाखाली गप्प बसवून ठेवायचं काम कौसाबाईंकडे दिलं. त्यांनी दोन दिवस बसवलं. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं तर चाळीस मुली धावत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बसवून काय करू? बसायला समदा जलम पडलाय."

आमच्याकडे पोलीस भरतीचं वेड तेव्हाही होतं. पहाटे रस्त्यानं निघालं की पोरांचे जथे धावताना दिसत. त्यांना शिकवायला अकॅडम्या होत्या, माजी सैनिक होते. मुलींना कुणी नव्हतं. रंजना नावाची एक मुलगी बारावी होऊन घरी होती, ती एक दिवस मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. अंगानं काटक, डोळे मोठे, बोलणं कमी. भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलींना एक लांबचं पळणं असतं, एक शंभर मीटरचं, आणि गोळाफेक. तिनं ते कागदावर लिहून आणलं होतं. "मावशी, मला जमंल का?"

कौसाबाईंनी तिचे पाय पाहिले. मग कागद माझ्याकडे दिला. "बाई, तुमी इंग्रजी वाचता. याचं कायतरी शास्तर आसंल. काढा."

मी अंबाजोगाईला गेले होते तेव्हा तिथून काही पानं छापून आणली. दुपारच्या सुट्टीत त्यांना मराठीत करून सांगितली. एरोबिक म्हणजे ज्या व्यायामात घेतलेला श्वास पुरतो. तो लांबवर, सावकाश करायचा. त्यानं हृदय आणि फुप्फुसं मजबूत होतात, रक्तदाब ताब्यात राहतो, झोप लागते, मन हलकं होतं. ॲनेरोबिक म्हणजे थोडाच वेळ, पण एवढा जोर लावून, की श्वास मागे पडतो. त्यानं स्नायू आणि हाडं बळकट होतात. शरीराला दोन्ही हवेत. मी शिक्षिका, त्यामुळे फळ्यावर दोन रकाने पाडायची मला घाई झाली होती.

कौसाबाई सुपारी कातरत ऐकत होत्या. म्हणाल्या, "यात नवं काय हाय? एक दमाचं काम आन् एक जोराचं. दिवसभर वाकून कोयता चालवायचा, ते दमाचं. सांजच्याला गाडी भरताना मोळी डोस्क्यावर घिऊन फळीवरनं वर चढायचं, ते जोराचं. दमाच्या कामात बायका गप्पा मारत्यात. मोळी घेतल्यावर मुकादमाला शिवीबी देता येत न्हाई."

मी हातातली पानं घडी करून ठेवली. त्या पानांवरही हेच होतं: बोलता येत असेल तर एरोबिक, बोलता येईनासं झालं की ॲनेरोबिक.

त्या दिवसापासून शिकवणं त्यांच्या पद्धतीनं सुरू झालं. गावच्या सहकारी दूध सोसायटीचं मोठं आवार शाळेला लागून होतं. तिथे मुली जोडीजोडीनं फेऱ्या मारत आणि कौसाबाई मधोमध उभ्या राहून ओरडत, "गप पळू नका गं! बोला, चुगल्या करा. जी गप बसली ती दमली." ज्या शाळेत दिवसभर मुलींना गप्प बसा म्हणून सांगितलं जाई, तिथे हा हुकूम ऐकून मला गंमत वाटे. जोराच्या कामासाठी सोसायटीचा धक्का होता. दुधाचे कॅन ट्रकमध्ये चढवायला बांधलेला सिमेंटचा उतार. तो चढ जीव खाऊन पळायचा आणि उतरताना हात सोडून सावकाश यायचं. एखादी उतारावरही पळत आली की कौसाबाई चिडत. "खाली येताना कुनाची मोळी हाय तुझ्या डोस्क्यावर? इसावा घे. इसावा घेतला न्हाई तर दुसरी मोळी उचलत न्हाई." गोळा विकत आणायला पैसे नव्हते. नदीच्या कोरड्या पात्रातून त्यांनी पाच-सहा गोटे आणले, किराणा दुकानात तोलून पाहिले, आणि बरोबर वजनाचा एक निवडून त्याला पांढरा चुना लावला.

फायदे दिसले, आणि शास्त्राच्या पानांत नव्हते तेही मी पाहिले. जिन्यावरून येऊन धापा टाकणाऱ्या मुली धापा टाकेनाशा झाल्या. महिन्याच्या त्या दिवसांत पोट धरून बसणाऱ्या दोघी-तिघी म्हणाल्या, आता कमी दुखतं. माझ्या तासाला मागच्या बाकावरून पहिल्यांदा आवाज ऐकू येऊ लागला. खांदे पाडून, वही छातीशी धरून चालणाऱ्या मुली हात हलवत चालू लागल्या. मात्र एक फायदा असाही होता, जो काही घरांना परवडणारा नव्हता. एक आई शाळेत भांडायला आली. "कौसाबाई, माजी पोरगी पयले दीड भाकर खायची. आता तीन खाती. काय केलंय तिला?"

"भूक लावली," कौसाबाई म्हणाल्या. "वंगाळ केलं का?"

 

मग पावसाशिवायचं दुसरं वर्ष आलं. तुम्ही दुष्काळ पाहिलेला नाही, आणि मला त्याचं वर्णन करण्याचा कंटाळा आहे. एवढंच सांगते की दूध आटलं, दूध सोसायटी बंद पडली, तिच्या चेअरमननी गावाबाहेर जनावरांची छावणी काढली, आणि माणसांचं पाणी टँकरनं येऊन गावाच्या एकाच विहिरीत ओतलं जाऊ लागलं. ती विहीर रंजनाच्या वस्तीपासून दीड किलोमीटर. तिची आई मणक्यानं अंथरुणाला खिळलेली. धाकटी पूजा नववीत. वडील लिंबाजी छावणीत बैल सांभाळून बसलेले. पाण्याच्या सहा खेपा रंजनाच्या.

इथे आमची चूक झाली. कौसाबाईंची आणि माझी, दोघींची. पहाटे पाण्याला जायचं म्हणून मुली मैदानावर येईनात. तेव्हा कौसाबाई म्हणाल्या, "मंग काय झालं? पानी आनायचं बी दमाचंच काम हाय. हंडा उचलायचा त्ये जोराचं. येगळं पळून काय करायचंय?" मला ते पटलं. इतकं पटलं की माझ्या वहीत मी मुलींच्या नावापुढे पाण्याच्या खेपा व्यायाम म्हणून लिहू लागले. जन्मभर कष्ट केलेल्या माणसाला वाटतं, कष्टानं बळ येतं. आणि जन्मभर खुर्चीवर बसून शिकवलेल्या माणसाला वाटतं, कष्ट करणाऱ्याला सगळं माहीत असतं.

रविवारी तेवढं आम्ही वेळ लावून मुलींना पळवत असू. वहीतल्या वेळा वाढत गेल्या. सगळ्यांच्याच, पण रंजनाच्या सर्वांत जास्त. एका रविवारी ती अर्ध्या फेरीतच चालायला लागली. कौसाबाई तिच्या अंगावर धावून गेल्या.

"जीव चोरती काय गं? कुनात मन गुतलंय का?"

रंजना कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "मावशी, रोजच्या सहा खेपा हायेत. रातच्याला सपनात बी हंडाच आसतो. तिथं धरून बारा."

 कौसाबाईंनी तिला धक्क्याच्या सावलीत बसवलं.  मग माझ्याकडे येऊन वही मागितली. आकडे त्यांना चांगले कळत. खालपर्यंत बोट फिरवून म्हणाल्या, "बाई, ह्ये खोडा. काम आन् व्यायाम येक न्हाई. व्यायामाच्या मागं इसावा आसतो आन् भाकर आसती. कामाच्या मागं दुसरं काम आसतं. मला म्हाईत पायजे होतं. चवदा साल मोळ्या उचलल्या, त्यानं काय मी पैलवान झाले? ही बघा कंबर."

मी ते पान खोडलं. त्यांना तेवढ्यानं बरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात कळलं की रंजनाचं लग्न ठरतंय. मुलगा तोडणीचा होता. टोळीत एकट्या माणसाला कुणी घेत नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणून हंगामाच्या आत त्याला बायको हवी होती. भरतीचं मैदान होतं चाळीसेक दिवसांवर, बीडला. तिथे निघाली, म्हणजे निवडली गेली, तर पोलीस; नाही तर कोयता. रंजनापुढे एवढेच दोन रस्ते होते, आणि ती रोज पाणी वाहून त्यातल्या एकावरून हळूहळू बाजूला होत होती.

कौसाबाई मला घेऊन छावणीवर गेल्या. मला का, तर चेअरमन शिकलेल्या बाईसमोर कमी ओरडतात. सगळे त्यांना आबा म्हणत. पांढरे कपडे, गळ्यात पंचा, बाजेवर बसून कानात बिल्ले मारलेल्या जनावरांची यादी तपासत होते. पलीकडे लिंबाजी बैलांना पाणी दाखवत होता. छावणीचा टँकर वेगळा होता आणि तो भरलेला उभा होता.

"आबा," कौसाबाई म्हणाल्या, "ह्या टँकरमधलं चार हंडे पानी रोज लिंबाजीच्या घरी सोडा. चाळीस दिस. पोरगी भरतीला उतरायची हाय."

"कौसा, जनावराच्या पाण्यात माणसाला वाटा न्हाई. नियम हाय. मला इचारतील वरून."

"मंग तिचं नाव जनावरात लिवा. मारा बिल्ला."

आबा हसले. आजूबाजूचे दोघे-तिघेही हसले. कौसाबाई हसल्या नाहीत. "हसू नका. तुमच्या छावनीत म्हस बांधून ऱ्हाती, आयतं खाती, पानी पेती, आन् लोक म्हनत्यात हिला इसावा पायजे, न्हाईतर मरंल. माजी पोर सहा खेपा पानी आनती, आन् तिला मी म्हनते पळ. म्हशीला कळतंय ते मला कळंना झालतं."

"अगं पण पोरीचं लगीन ठरलंय. पळवून काय करतीस?" असं म्हणून आबांनी लिंबाजीला हाक मारली.

लिंबाजी वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही लांब आहात आणि तुम्हाला तो तसा वाटेल. तो हातातली बादली न ठेवताच बोलला. "बाई, आमी तोडीला गेलो की तरनी पोर घरी कुनाच्या भरवशावर ठिवू? लगीन केलं की माजा घोर मिटतो. भरतीत निघाली तर मी न्हाई म्हनतोय का? निघाली तर सोयऱ्याला सांगंन, माफ करा. पर निघल कशी? पळताना पडती म्हनं."

"पडनार न्हाई. चाळीस दिस तिला पानी सांगू नका."

"मंग पानी कोन आनंल?"

मी आबांकडे बघत होते. आबा यादीकडे बघत होते.

"मी आनते," कौसाबाई म्हणाल्या.

परतताना मी त्यांना म्हटलं, तुमची कंबर. त्या म्हणाल्या, "इसावा फुकट कुटं मिळतो, बाई. एकानं घ्यायचा तर दुसऱ्यानं काम उचलावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लिंबाजीच्या घरचं पाणी भरायला सुरुवात केली. पहाटे तीन खेपा, शाळा सुटल्यावर तीन. आता आणखी एक गोष्ट लिहायला हवी, जी मला तेव्हा मुकाट्यानं पाहावी लागली. कौसाबाईंचं घर बौद्धवाड्यात. लिंबाजीची म्हातारी आई पहिल्या दिवशी दारातच आडवी आली. हंडा उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगितला, आणि ते पाणी धुण्याभांड्याला घ्या, पिण्याचं पूजा आणील, असं म्हणाली. पूजाच्या माथ्यावर रिकामी कळशी होतीच.

कौसाबाईंनी हंडा खाली ठेवला. पदरानं मान पुसली. "आजी, पानी टँकरचं हाय. डायव्हर कोन हुता, टाकी कुनी धुतली, इचारलं का तुमी टँकरला?"

म्हातारी म्हणाली, "टँकर दिसत न्हाई मला. तू दिसतीस."

हे ऐकून मला परत फिरावंसं वाटलं. कौसाबाई मात्र दुसऱ्या खेपेला निघाल्या. चार दिवस हंडा उंबऱ्याबाहेर राहिला. पाचव्या दिवशी टँकर आला नाही, विहीर तळाला गेली, आणि कौसाबाई दुसऱ्या गावच्या हापशावरून दुपार टळल्यावर एकच हंडा घेऊन आल्या. म्हातारी दारात बसली होती. तिनं हंडा स्वतः धरून आत घेतला.  कौसाबाईंनी ते कुणाला सांगितलं नाही. मला पूजानं सांगितलं.

रंजनाला त्यांनी एकच काम दिलं होतं: झोपायचं. दुपारी शाळेतल्या खेळाच्या खोलीत जुन्या चटया होत्या, तिथे तिला निजवून बाहेरून दार लोटून घेत. पहिले काही दिवस ती झोपेना. "मावशी पानी वाहती आन् मी झोपू?" असं म्हणून रडायची. कौसाबाई दारातून ओरडायच्या, "रडून दम जातो. झोप!" मी एकदा त्यांची एक खेप उचलायचं ठरवलं. अर्धी कळशी घेऊन निम्म्या वाटेपर्यंत गेले आणि दोन दिवस अंथरुणात होते. पुन्हा तो विषय निघाला नाही. मी घरून शेंगदाणे, गूळ आणि उकडलेली अंडी नेऊ लागले, तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून वहीत फरक दिसला. लांबच्या पळण्याची वेळ उतरू लागली. रंजना पळता पळता बोलू लागली, आणि मग बोलताना हसू लागली. धक्क्याचा चढ ती एका दमात घेई आणि खाली येताना हात सोडून, मान मोकळी करून येई. गोटा आधीपेक्षा हातभर पुढे पडू लागला. मी पुढे वाचलं की स्नायू व्यायामाच्या वेळी वाढत नाहीत, नंतरच्या विश्रांतीत वाढतात. तो शोध लावणाऱ्यांनी काय यंत्रं वापरली मला माहीत नाही. आम्ही एक मुलगी आणि एक हंडा वापरला होता.

त्याच दिवसांत कौसाबाई मात्र उजवीकडे जास्तच कलत चालल्या.  पायऱ्या चढताना त्या बोलेनाशा झाल्या, आणि त्यांच्याच नियमानं त्याचा अर्थ मला कळत होता. मी म्हटलं, एखादा दिवस सोडा. त्या म्हणाल्या, "कावून?" पण त्या शब्दातला जोर गेला होता.

मैदानाच्या दिवशी मी रंजनाबरोबर बीडला गेले. कौसाबाई आल्या नाहीत. त्या दिवशी टँकर येणार होता. उन्हात मुलींच्या लांबलचक रांगा होत्या. कुंपणाबाहेरून मला रंजनाचं पळणं नीट दिसलंही नाही. एकदा निळा टी-शर्ट दिसला, एकदा दिसला नाही. बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, "बाई, शेवटच्या फेरीत मी बोलून बघितलं. बोलता आलं." पुढे लेखी झाली, यादी लागली आणि तिचं नाव त्यात होतं. लिंबाजी स्वतः सोयऱ्यांकडे जाऊन माफी मागून आला.

मी ही बातमी सांगितली तेव्हा कौसाबाई वर्ग झाडत होत्या. झाडू थांबला. "बरं झालं," म्हणाल्या. मग लगेच, "आन् पूजा?" मला समजलं नाही. "रंजी टरेनिंगला जाईल. लिंबाजी तोडीला जाईल. पूजा घरी कुनाच्या भरवशावर? पुढच्या साली तिच्यासाठी कोयता बघतील." आणि दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा पूजा तिच्या म्हाताऱ्या आजीसकट कौसाबाईंच्या घरी राहायला आली. मणक्याच्या दुखण्यातून जेमतेम उभी राहिलेली तिची आई मात्र कमरेला पट्टा बांधून टोळीबरोबरच गेली, कारण एकट्या लिंबाजीला कुणी घेतलं नसतं. म्हातारीला ऐकू कमी येत असे आणि ती दर दोन तासांनी चहा मागे. कौसाबाई तिला आजीच म्हणत. त्यांच्या घरचं पाणी आता तिघींचं झालं होतं.

रंजनाचं प्रशिक्षण संपलं ते माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. ती सुट्टीवर आली तेव्हा हेडसरांनी शाळेत तिचा सत्कार ठेवला. तिच्याबरोबर कौसाबाईंचाही. सत्कार आबांच्या हस्ते. दूध सोसायटी तेव्हा पुन्हा जेमतेम सुरू झाली होती, आणि मुली पळत ते मैदान सोसायटीचंच होतं असं आबा भाषणात सांगणार होते. लिंबाखाली मांडव, खुर्च्या, शाल, नारळ. सकाळी सतरंज्या अंथरल्या कौसाबाईंनीच, खुर्च्या लावल्या त्यांनीच, पाण्याचे जग भरले त्यांनीच. आबा आले, मुली रांगेत बसल्या, आणि कौसाबाई सापडेनात.

हेडसरांनी मला आणि रंजनाला शोधायला पाठवलं. खेळाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत चटईवर कौसाबाई कुशीवर झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, एक हात उशाला, दुसरा हात कमरेवर. नेसलेलं लुगडं सत्कारासाठी काढलेलं, नवीन, घडीच्या रेघा तशाच. मी हाक मारणार, तेवढ्यात रंजनानं माझा हात धरला आणि दार पुन्हा लोटून घेतलं. मग ती दाराला पाठ लावून उभी राहिली. नव्या खाकीत, बूट जुळवून.

हेडसर आले. "अगं, आबा खोळंबलेत."

"सर, मावशी झोपल्यात."

"उठव की मग. पाच मिनिटांचं काम आहे."

"न्हाई उठवायचं," रंजना हळू आवाजात म्हणाली.

थोड्या वेळानं आबा स्वतः आले, शाल हातावर तशीच. त्यांनी तिच्या वर्दीकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. "अगं रंजे, मला पुढं दुसरा कार्यक्रम हाय. किती येळ थांबायचं?"

"त्या उठतील तवर, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं.  एका मुलीनं त्यांच्यासाठी खुर्ची आणून व्हरांड्यात ठेवली. ते बसले, शाल मांडीवर घेतली आणि घड्याळाकडे बघत राहिले. मांडवातल्या मुली कुजबुजत होत्या, त्यांच्याकडे रंजनानं नुसता हात वर केला आणि त्या गप्प झाल्या. ऊन लिंबाच्या बाहेर सरकलं. आतून कौसाबाईंच्या घोरण्याचा आवाज येत होता, सावकाश, लांब, एकसारखा.

तुमची,
आजी